खिव्याहून एका दिवसात खोरेझमचे वाळवंटी किल्ले: किती पाहावेत, कोणाबरोबर पाहावेत?

भुईकोट

उझबेकिस्तानला जाणाऱ्या मराठी मंडळींची यादी ठरलेली असते. ताश्कंदला शास्त्रीजींचा पुतळा, समरकंदला निळे घुमट, मग बुखारा, आणि सुट्टी उरली तर खिवा. खिव्यापर्यंत पोचलेलेही बहुतेक जण इचान-कलाच्या, म्हणजे तिथल्या तटबंद जुन्या शहराच्या, तटाआत फोटो काढून माघारी फिरतात. तिथून आमू दर्या नदी ओलांडली की पलीकडे काराकल्पाकस्तान (उझबेकिस्तानातलाच स्वायत्त भाग) लागतं आणि किझिलकुम वाळवंटाच्या कडेला मातीचे किल्ले सुरू होतात. काही इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातले, काही चंगीझखानाच्या स्वारीच्या आधीचे. हा सगळा जुन्या खोरेझम राज्याचा मुलूख. या भागाला एल्लिक-कला म्हणतात, म्हणजे पन्नास किल्ले. सकाळी निघून संध्याकाळी खिव्यात परत येता येतं. आम्ही दोघं एप्रिलमध्ये जाऊन आलो. मराठीत यावर फारसं वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते, पटलं नाही तर खाली भांडा. तीनच किल्ले पाहा: तोप्राक-कला, अयाज-कला आणि किझिल-कला. आणि गाईड घ्याच, पण अयाज-कलासाठी नव्हे, तोप्राक-कलासाठी.

का ते सांगते. आपले डोळे काळ्या दगडाला सरावलेले असतात. राजगडाची माची काय किंवा सोलापूरचा भुईकोट काय, तट कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो हे विचारावं लागत नाही. इथे सगळंच एका रंगाचं. तट मातीचा, जमीन मातीची आणि पडझड होऊन खाली आलेला ढीगही त्याच मातीचा. पहिली दहा मिनिटं नवरा म्हणत होता, "आपण नक्की काय बघतोय?"

आमची गाईड बुस्तान गावचीच. एरवी शाळेत इंग्रजी शिकवते. तिने तोप्राक-कलाच्या बाहेरच गाडी थांबवायला सांगितली आणि लांबूनच तटाची रेघ बोटाने दाखवली: साधारण पाचशे मीटर लांब, साडेतीनशे रुंद, आणि वायव्य कोपऱ्यात उंचवटा. तो उंचवटा म्हणजे राजवाडा. कच्च्या विटांचा चौदाएक मीटर उंच चौथरा रचून त्यावर बांधलेला. उरलेल्या भागात सरळसोट मधला रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरांचे चौक, पण ते आता नुसते चढउतार आहेत. तिने सांगितलं नसतं तर आम्ही रस्त्यावरून चालतोय हेही कळलं नसतं.

वर राजवाड्यात मात्र खोल्यांच्या भिंती अजून आहेत. १९३८ साली सेर्गेई तोल्स्तोव्ह या रशियन संशोधकाच्या मोहिमेला ही जागा सापडली. महायुद्ध आडवं आलं, खरं खोदकाम १९४५ नंतर झालं. दालनांना त्यांनी नावं दिली: राजांचं दालन, विजयांचं दालन, सावळ्या रक्षकांचं दालन. भिंतींवर रंगीत चित्रं होती, कोनाड्यांत मातीचे मोठे पुतळे होते. कातड्यावर आणि लाकडावर खोरेझमी भाषेत लिहिलेली दफ्तरंही निघाली. यातलं बहुतेक सगळं रशियात गेलं. जागेवर उरलेत कोनाडे आणि विटा. गाईडने एका कोनाड्यापाशी उभं केलं आणि हातातल्या फाइलमधून जुन्या खोदकामाचा फोटो काढून तिथेच धरला. राजा इथे, राणी इथे, मागे हे. मग ती खोली दिसायला लागली. गाईडचे पैसे मला तिथेच वसूल झाले.

काळाचा अंदाज यावा म्हणून: तोप्राक-कलाचा भरभराटीचा काळ इसवी सनाचं दुसरं-तिसरं शतक. म्हणजे आपल्याकडे पैठण, तेर, नाशिकची लेणी, सातवाहन. मला हे माझं मीच जोडून घेतल्यावर बरं वाटलं.

अयाज-कलाचं सगळंच वेगळं. तिथे कोणी काही सांगायची गरज नाही. टेकडीवर आयताकृती किल्ला, साधारण १८० मीटर बाय १५० मीटर, आणि काही ठिकाणी तट अजून दहा मीटरपर्यंत उभा. तट दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मध्ये कमानीने झाकलेला बोळ होता, त्याच्या कमानी काही ठिकाणी शाबूत आहेत. बाहेरच्या अंगाला अर्धगोल बुरूज, चाळीसहून जास्त. जंग्या (बाण मारायची भोकं) आहेत, आणि दरवाजा सरळ आत नेत नाही: बाहेर भिंतींची चौकट करून वळसा घालायला लावतो. रायगडाचा महादरवाजा आठवा. गोमुखी बांधणीची कल्पना फक्त आपलीच नाही हे पाहून मी तिथे जरा जास्तच खूश झाले, नवऱ्याने फोटोही काढलेत.

आतमध्ये मात्र मोकळं मैदान. घरं-वाडे जवळपास नाहीतच. कालव्याकाठच्या शेतकऱ्यांनी टोळ्यांची धाड आली की गुरंढोरं घेऊन आत यायचं यासाठी हा बांधला असावा, असं एक मत आहे. वरून खाली पाहिलं की दुसरा, लहानसा अयाज-कला एका सुळक्यावर दिसतो. तो बराच नंतरचा, सहाव्या ते आठव्या शतकातला. तिसरा खाली सपाटीवर पसरलेला. तिन्ही एका नजरेत येतात. लांबवर अयाझचं तळं, उत्तरेला सुलतान उवैसचे डोंगर. पायाखाली वाळू, साक्साउलची खुरटी झुडपं आणि आपल्याकडचा जवासा. हो, तोच काटेरी जवासा. उंट त्यावर जगतात.

तिसरा किल्ला किझिल-कला. तोप्राकपासून जेमतेम दीड किलोमीटर, वरून दिसतोच. लहान चौकोनी गढी आहे, अलीकडे डागडुजी झालेली. याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण पंधरा मिनिटांत होतो आणि मातीची भिंत नवी असताना कशी दिसत असेल ते कळतं.

जेवण अयाज-कलाजवळच्या यूर्त (गोल तंबू) तळावर. आधी सांगून ठेवावं लागतं. तळावर उंटाची फेरी असते, ती आम्ही टाळली.

विचारा काय विचारायचं ते.

चहाबाज

वाचतोय. पहिला प्रश्न पैशाचा, माफ करा. माणशी किती पडतं? आणि भारतातून खिव्यापर्यंत पोचायचं कसं?

भुईकोट

भाव गाडीचा असतो, माणशी नाही. दोघं जा नाहीतर चौघं, गाडीचं भाडं तेच. गाईडचे वेगळे. त्यामुळे हॉटेलात नाश्त्याला कोणी एकटा-दुकटा प्रवासी दिसला तर विचारा, निम्मे पैसे वाचतात. मी आकडा लिहीत नाही कारण दर मोसमाला बदलतो आणि जुने आकडे वाचून लोक तिथे जाऊन हुज्जत घालतात. खिव्यात दोन-तीन ठिकाणी विचारलं की भाव कळतोच.

दिल्लीहून ताश्कंद, साधारण तीन तास. तिथून उर्गेंचला देशांतर्गत विमान. उर्गेंच ते खिवा तीसेक किलोमीटर. रात्रीची रेल्वेही आहे. व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्रास नाही.

उनाड_पाखरू

लेख छान, पण "तीनच पाहा" याला तीव्र असहमती. एवढं लांब जायचं आणि तीन किल्ले बघून परत? आम्ही गाईड घेतला नाही, फक्त गाडी. ड्रायव्हरला फक्त उझबेक आणि रशियन येत होतं, मला दोन्ही येत नाहीत, काही अडलं नाही. गुलदुरसुन, किझिल, तोप्राक, अयाज, मग जानबास, आणि शेवटी कोई-किरिल्गान. जानबास-कला तुम्ही सोडला हे वाचून वाईट वाटलं. त्याला एकही बुरूज नाही! नुसता सरळ तट आणि जंग्याच जंग्या. आजूबाजूला चिटपाखरू नाही, जायला धड रस्ताही नाही. अयाजला निदान दोन बस उभ्या होत्या.

गाईडबद्दल: घरून वाचून गेलं की झालं. कशाला उगाच पैसे?

भुईकोट

@उनाड_पाखरू, जानबासचा हेवा वाटला, मान्य. पण कोई-किरिल्गानला नक्की काय पाहिलंत ते सांगा. :)

उनाड_पाखरू

हा हा. खरं सांगू? एक गोल खळगा. पण तो गोल आहे हेच तर विशेष ना! सत्त्याऐंशी मीटर व्यासाची इमारत, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. कोणी म्हणतं राजघराण्याची समाधी, कोणी मंदिर, कोणी म्हणतं तिथून ग्रहतारे बघत. १९५० च्या दशकात पूर्ण खोदली. आता काही राहिलेलं नाही हे खरं. तरी मी तिथे उभा राहिलो याचा आनंद आहे आणि तो मी सोडणार नाही.

नांदेडकर_उर्गेंचमधून

नमस्कार मंडळी. मी इथे उर्गेंचला एमबीबीएस करतोय. आपल्या मराठवाड्याची बरीच पोरं आहेत इथे. घरून कोणी आलं की या किल्ल्यांना मीच घेऊन जातो, म्हणून थोडं लिहितो.

१. जून ते ऑगस्ट येऊ नका. पारा चाळीसच्या वर आणि किल्ल्यावर सावली शून्य. आम्ही नांदेडचे असून आम्हाला सोसत नाही, पुणेकरांनी विचारही करू नये. (हलकेच घ्या.) डिसेंबर-जानेवारीत उलटं, शून्याच्या खाली. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

२. वारा. अयाजवर वारा सुटला की वाळू दातात जाते. ओढणी किंवा पंचा घ्या. चष्मा असला तर उत्तम, लेन्स घालू नका.

३. इथल्या बऱ्याच गाड्या गॅसवर चालतात. पंपावर सगळ्यांना खाली उतरवतात, लांब उभं राहावं लागतं. घाबरू नका, नियम आहे. रांग लागली तर अर्धा तास जातो, म्हणून ड्रायव्हरला आदल्या रात्री भरून ठेवायला सांगा.

४. रोख पैसे ठेवा. तिकडे कार्ड चालेल अशा भरवशावर राहू नका.

५. ड्रोन आणू नका. परवानगीशिवाय देशात आणायलाच बंदी आहे, विमानतळावर अडकाल.

नदी ओलांडताना गाडी थांबवायला सांगा. पुस्तकात वाचलेली ऑक्सस ती हीच. पाणी गढूळ, मध्ये वाळूची बेटं. अरल समुद्र का आटला ते दोन्ही काठांवरची कापसाची शेतं बघून कळतं.

सुगरण_कोल्हापूर

शाकाहारी माणसांचं काय होतं तिकडे? माझा प्रश्न नेहमीचाच.

भुईकोट

उपाशी राहत नाही, पण वैविध्य विसरा. तळावर आम्हाला नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, बटाट्याचा रस्सा, आणि भरपूर बिनदुधाचा हिरवा चहा मिळाला. पुलाव मांसाचाच असतो. मांस बाजूला काढून "आता शाकाहारी झाला" असं प्रेमाने वाढतात, त्यामुळे आधीच स्पष्ट सांगा.

नांदेडकर_उर्गेंचमधून

खिव्यात शिवित ओशी मागा. शेपूच्या रसात मळलेल्या हिरव्या शेवया, वर भाजी आणि दही. मांसाशिवाय देतात. शेपू न खाणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नये. तुखुम बराक म्हणून अंड्याच्या सारणाच्या चौकोनी पुरचुंड्या असतात, अंडं चालत असेल तर त्या. आणि सप्टेंबरात खरबूज. इथलं खरबूज खाल्लं की गावाकडचं विसरायला होतं, आईला सांगू नका.

मातीकाम

पेशाने संवर्धन वास्तुविशारद आहे, मातीच्या बांधकामावर काम करतो. त्यामुळे थोडं लांबलचक होईल.

धागाकर्तीने "सगळं एका रंगाचं" म्हटलं, पण तोच रंग दोन प्रकारे बनलेला असतो आणि ते ओळखता आलं तर या किल्ल्यांत पाहायला खूप आहे. एक म्हणजे पाख्सा: चिखल तुडवून मोठमोठे थर घालायचे, ओले असतानाच चिरे पाडल्यासारख्या खाचा घ्यायच्या. दुसरी कच्ची वीट, उन्हात वाळवलेली. खोरेझमची जुनी वीट चौरस असते, साधारण चाळीस सेंटीमीटर बाय चाळीस, जाडी दहा-बारा. तटाचा खालचा भाग बहुधा पाख्साचा, वरचा विटांचा. तुटलेल्या बुरुजाच्या कडेला उभं राहून पाहिलं की सांधा दिसतो. विटेवर कधी बोटाने ओढलेली खूण असते. विटा पाडणाऱ्या टोळीची ती निशाणी असावी, कामाचा हिशेब ठेवायला.

आता हे टिकलं कसं? वर्षाकाठी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे तेवढा एका दुपारी पडतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या गढ्या पांढऱ्या मातीच्याच आहेत, पण छपरं गेली की पाच-पन्नास पावसाळ्यांत बसकण मारतात. शिवाय आपण ती माती घर सारवायला आणि शेतात टाकायला खणून नेतो. पांढरीची कितीतरी टेकाडं अशीच संपली.

पण म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. तिथला शत्रू वरून येत नाही, खालून येतो. सोव्हिएत काळात कालवे वाढले, कापसाला पाणी सोडलं गेलं, भूजल वर आलं. ते पाणी क्षार घेऊन भिंतीत चढतं, सुकतं, क्षारांचे खडे फुगतात आणि तळाशी माती भुसभुशीत होऊन गळते. शेताच्या कडेला जमिनीवर पांढरी साय दिसते तीच भिंतीत असते. वरून तट धडधाकट वाटतो आणि पायथ्याशी आत पोखरलेला असतो. तोप्राक शेतीच्या जवळ आहे म्हणून त्याला धोका जास्त. अयाज उंचावर असल्याने वाचला.

खोदकामाचंही तेच. वाळूखाली दीड हजार वर्षं सुखरूप असलेली खोली उघडली की वारा-पाऊस-ऊन सुरू. तोप्राकच्या भिंतींना नंतर मातीचा लेप दिला गेला तो यासाठीच. तो लेप पाहून लोक "हे तर नवीन आहे" म्हणून नाराज होतात. नाराज होऊ नका, त्याच्या आत जुनी भिंत आहे. किझिल-कलाबद्दल मात्र धागाकर्तीशी सहमत. तिथे डागडुजी नाही, पुनर्बांधणी झाली आहे. या दोन गोष्टींत फरक आहे.

कळकळीची विनंती: तटाच्या माथ्यावर चढून फोटो काढू नका. तुमच्या मागे येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाखाली थोडा तट जातो. आणि खापराचे तुकडे पायाखाली हजारो असतात, एकही खिशात टाकू नका. गुन्हा आहे ते सोडाच, पण तो तुकडा त्या जागी पडलाय यातच त्याची किंमत आहे.

चहाबाज

@मातीकाम, दंडवत. हा प्रतिसाद स्वतंत्र लेख करा.

कोपिनेश्वर

ठाणेकर म्हणून एक भर घालतो. त्या वाटेवर बेरुनी नावाचं गाव लागतं. अल-बेरुनी ९७३ साली त्याच भागातला जन्मला, खोरेझमची जुनी राजधानी काथ तिथेच होती. पुढे तो गझनीच्या महमूदाबरोबर इकडे आला, संस्कृत शिकला, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात धारपासून दक्षिणेकडे येणाऱ्या वाटेचं वर्णन करताना तो मऱ्हाट देश सांगतो, मग कोकण, आणि कोकणाची राजधानी म्हणून समुद्रकाठचं ठाणं! त्यामुळे बेरुनी गावात थांबून एक चहा पिणं हे ठाणेकरांचं कर्तव्य आहे.

किल्ल्यांशी थेट संबंध असलेली गोष्टही तोच सांगतो. ३०५ साली अफ्रिघ नावाच्या राजाने काथला अल-फीर नावाचा किल्ला बांधला. मातीचा आणि विटांचा, एकात एक तीन कोट, दहा मैलांवरून दिसायचा. मग आमू दर्याने काठ खायला सुरुवात केली. दरवर्षी थोडाथोडा किल्ला नदीत जात राहिला आणि ९९४ साली शेवटचा अवशेषही गेला. तेव्हा बेरुनी विशीत होता. तोप्राक राजधानी म्हणून सुटल्यावर राजे तिकडे गेले असं मानतात. म्हणजे वाळवंटात सोडून दिलेला टिकला आणि नदीकाठी हलवलेला वाहून गेला.

उनाड_पाखरू

@मातीकाम, तटावर चढून काढलेला एक फोटो माझ्या प्रोफाइलला होता, आत्ता काढून टाकला. :(

@कोपिनेश्वर, हे मला माहीतच नव्हतं, आणि मी बेरुनीत पंक्चर काढायला थांबलो होतो!

भुईकोट

@उनाड_पाखरू, म्हणूनच म्हणते गाईड घ्या.

उनाड_पाखरू

तुमच्या गाईडने ठाण्याचं सांगितलं होतं का?

भुईकोट

नाही. :) पण तिने तोल्स्तोव्हची एक गोष्ट सांगितली ती वाचून गेलेल्यांनाही सहसा माहीत नसते. १९३७ ला मोहीम सुरू झाली तेव्हा हे सगळं उंटावरून फिरून शोधलं. युद्धानंतर, १९४६ पासून, त्यांनी लहान विमानं वापरली. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वरून पाहिलं की वाळूखालचे कालवे आणि तट सावलीने उमटतात. मग लक्षात आलं की किल्ले सुटेसुटे नाहीत, मेलेल्या कालव्यांच्या काठाने ओळीत आहेत. आज वाळवंट दिसतं तिथे तेव्हा शेती होती. "वाळवंटातले किल्ले" हे नाव त्या अर्थाने आपण मागाहून दिलंय.

आणि १९५० मध्ये याच मोहिमेबरोबर इगोर साविट्स्की नावाचा चित्रकार आला होता, सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढायला. तो इथेच राहिला आणि १९६६ मध्ये त्याने काराकल्पाकस्तानची राजधानी नुकुस इथलं कलासंग्रहालय उभं केलं. सोव्हिएत सरकारला नको असलेली चित्रं त्याने मॉस्कोपासून लांब, या वाळवंटात जमवून ठेवली. आम्हाला नुकुसला जाता आलं नाही, पण जाणाऱ्यांनी चुकवू नये.

दादर_पारशी_कॉलनी

नुकुसला जाणाऱ्यांसाठी: वाटेत चिलपिक लागतं, नुकुसच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर. सपाट प्रदेशात एकटी टेकडी आणि तिच्या माथ्यावर गोल उघडी भिंत, पंधरा मीटर उंच. ती दख्मा आहे, म्हणजे मृतदेह पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवायची जागा. आम्ही मुंबईत डुंगरवाडीला ज्याला दख्मा म्हणतो तीच कल्पना, पण दोन हजार वर्षांपूर्वीची. काराकल्पाकस्तानच्या राजचिन्हावरही तिचं चित्र आहे. मुंबईतल्या दख्म्याच्या आत आम्हालाही जाता येत नाही. इथे पायऱ्या चढून सरळ आत गेलो. माझ्या बायकोने डोक्याला रुमाल बांधला आणि थोडा वेळ आम्ही कोणाशी बोललो नाही. खाली एक शाळेची सहल डबे खात बसली होती. त्यांनी आम्हाला हाका मारून सामोसे दिले.

तोप्राकमध्ये अग्निमंदिर होतं असं म्हणतात. आमच्यासाठी ही सहल किल्ल्यांची कमी आणि आजोळची जास्त होती.

सुगरण_कोल्हापूर

किती सुंदर लिहिलंत.

मला एक सांगा, आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. किती चालावं लागतं?

नांदेडकर_उर्गेंचमधून

माझ्या आजीला नेलं होतं, तिच्याही गुडघ्यांची तक्रार आहे. तोप्राकला चढ थोडाच, पण वाट घसरडी, काठी हवी. किझिल सपाटीवर. अयाज-१ ला पायथ्यापासून पंधरा-वीस मिनिटं, पायऱ्या नाहीत, वाळूत पाय रुततो. आजी तळावर खाटेवर बसली आणि यजमानीणबाईंशी तिने मराठीत गप्पा मारल्या, बाई काराकल्पाकमध्ये बोलत होत्या. दोघींनी एकमेकींना सुनांबद्दल सांगितलं असावं. तळावरून तिन्ही किल्ले दिसतात, त्यामुळे न चढताही चालतं.

गुलदुरसुनची गोष्ट कोणीच सांगितली नाही? तो किल्ला रस्त्यालगत आहे, तट प्रचंड, बाराव्या-तेराव्या शतकातला, चंगीझखानाच्या स्वारीत संपला. गोष्ट अशी. शत्रूचा वेढा पडला, आत उपासमार. शेवटचं धान्य बैलांना खाऊ घालून ते बाहेर सोडले, म्हणजे शत्रूने कापले की पोटात धान्य सापडेल आणि त्याला वाटेल आत अजून भरपूर आहे. शत्रू वेढा उठवणार इतक्यात राजकन्या गुलदुरसुनने, जिचं शत्रूच्या राजपुत्रावर मन बसलं होतं, निरोप धाडला की हे सगळं ढोंग आहे. किल्ला पडला. राजपुत्र म्हणाला, जी बापाची झाली नाही ती माझी काय होणार, आणि तिला घोड्यांच्या शेपटांना बांधलं. गावकरी त्या किल्ल्याला अजून अपशकुनी मानतात, आमचा ड्रायव्हर आत आला नाही.

मातीकाम

बैलाच्या पोटातल्या धान्याची गोष्ट युरोपातल्या किल्ल्यांबद्दलही सांगतात. आणि बापाचा किल्ला प्रेमापायी शत्रूला देणारी मुलगी तर सगळीकडेच भेटते. दोष कायम पोरीच्या माथी.

चहाबाज

ठरलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, मी आणि मित्र. दोन जागा रिकाम्या आहेत गाडीत. गुलदुरसुन, तोप्राक, अयाज. किझिल वेळ उरला तर. @उनाड_पाखरू माफ करा, खळगा नाही.

उनाड_पाखरू

जानबास तरी घ्या हो!

सुगरण_कोल्हापूर

@चहाबाज, दोन्ही जागा आमच्या, मी आणि आई. व्यनि केलाय. @नांदेडकर_उर्गेंचमधून, गाईड म्हणून त्या बुस्तानच्या बाईच मिळतील का ते बघाल? आणि इकडून काही आणायचं असेल तर सांगा.

नांदेडकर_उर्गेंचमधून

विचारून सांगतो, शाळेला सुट्टी असेल तर येतील. रविवार धरला तर जमून जाईल. आणायचं म्हणाल तर थालीपिठाची भाजणी. अर्धा किलो नको, चांगली दोन किलो आणा, आम्ही सहा जण आहोत रूमवर.